दक्षिण कॅरोलिनाचे आकडे कसे वाचावेत

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या मुख्य निवडणुकीपूर्वी प्रत्येक पक्ष आपला उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत मतदान घेतो. या मतदानाला ‘प्रायमरी’ म्हणजे प्राथमिक निवडणूक म्हणतात. 2020 मध्ये जो बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले, मात्र 29 फेब्रुवारीला दक्षिण कॅरोलिनात सुमारे 49 टक्के मते मिळवून त्यांनी बाजी पालटली. पहिल्या दोन राज्यांची लोकसंख्या प्रामुख्याने श्वेतवर्णीय आहे, तर दक्षिण कॅरोलिनात डेमोक्रॅटिक प्रायमरीला येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय असतात, आणि म्हणूनच तेथील निकालाचा अर्थ वंशाच्या आधारे लावला जातो.

हा अर्थ लावताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: मतदानाला कोण आले आणि आलेल्यांनी कोणाला मत दिले. दक्षिण कॅरोलिनाच्या मतदार नोंदणीत वंशाचा उल्लेख असल्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोजून देता येते. मतपत्रिका गुप्त असल्याने दुसऱ्याचे उत्तर मात्र ‘एक्झिट पोल’वर, म्हणजे केंद्राबाहेर पडणाऱ्या निवडक मतदारांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीवर, अवलंबून असते. 2008 च्या अशा पाहणीनुसार तेथे कृष्णवर्णीय मतदार सुमारे 55 टक्के होते आणि त्यांपैकी 78 टक्क्यांनी बराक ओबामांना पसंती दिली. म्हणजे एकूण 100 मतांपैकी सुमारे 43 मते त्यांना या समाजातून मिळाली. म्हणून 78 हा आकडा एकटा वाचून चालत नाही, त्याला 55 ची जोड द्यावी लागते.

एक्झिट पोल नसेल तेथे अभ्यासक मतदान केंद्रनिहाय निकालाकडे वळतात, आणि तेथे मोठी चूक होण्याचा धोका असतो. समजा, एका केंद्रावर 60 कृष्णवर्णीय व 40 इतर अशा 100 जणांनी मतदान केले आणि एका उमेदवाराला 60 मते पडली. ती सगळी कृष्णवर्णीयांचीच असतील असे वाटते, पण इतर 40 जणांनी त्यालाच मत दिले असेल, तर कृष्णवर्णीयांची मते केवळ 20 ठरतात. समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीच्या वर्तनाचा निष्कर्ष काढण्याचा हा दोष समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी 1950 मध्ये दाखवून दिला.

शिवाय एकाच समाजात वय, शिक्षण आणि धर्मनिष्ठा यांनुसार पसंती बदलते, त्यामुळे एखाद्या समाजाचे मतदान एकगठ्ठा दिसले तरी त्याचे कारण वंशातच आहे असे मानणे उतावीळपणाचे ठरते. त्यामागे इतिहासही असतो: 1947 मध्ये संघीय न्यायालयाने ‘एल्मोर विरुद्ध राइस’ खटल्यात निर्णय देईपर्यंत याच राज्याच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत कृष्णवर्णीयांना मतदानच करू दिले जात नव्हते. ज्या मतपेटीपासून ज्यांना दूर ठेवले गेले, त्याच मतपेटीत आज त्यांची मते निर्णायक ठरतात. ही मते नेमकी मोजणे आणि त्यांना ठरावीक साच्यात न कोंबता समजून घेणे, हे अभ्यासकाचे कर्तव्यच आहे.