समजून घ्या : वजन ठीक, पण स्नायूंचे काय?

जालना : अंबड, घनसावंगी किंवा भोकरदन तालुक्यातील गावात आरोग्य तपासणीला गेले, की वजन, उंची, कंबर, रक्तदाब आणि साखर मोजली जाते. आकडे ठीक आले, की माणूस निर्धास्त होतो. शरीरात स्नायू किती, हे मात्र त्या कागदावर नसते. तरीही त्याच आकड्यांवरून स्नायूंचा अंदाज बांधता येतो.

स्नायू घटले तर काय होते?
वयानुसार स्नायू आणि ताकद कमी होण्याला 'सार्कोपेनिया' म्हणतात. बाजेवरून उठणे, पायऱ्या चढणे जड जाते. तोल जाऊन पडण्याचा, हाड मोडण्याचा धोका वाढतो. जेवणानंतरची बरीच साखर स्नायूच वापरतात. त्यामुळे मधुमेहाशीही याचा संबंध आहे.

बीएमआय पुरेसा का नाही?
पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात.

अंदाज कसा बांधतात?
वय, लिंग, उंची, वजन आणि कंबर यांना रक्तातील क्रिएटिनिनची जोड दिली जाते. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. म्हणून वृद्धाचे क्रिएटिनिन फार कमी आले, तर 'किडनी उत्तम' एवढाच अर्थ काढू नये. स्नायू कमी असल्याचीही ती खूण असू शकते. जपान, कोरियातील संशोधकांनी अशी सूत्रे तयार केली आहेत. मात्र आपली शरीरयष्टी वेगळी असल्याने ती इथे पडताळूनच वापरावी लागतील. शिवाय हा अंदाज आहे, निदान नव्हे.

घरी काय तपासाल?
आशियाई तज्ज्ञगटाचे २०१९ चे निकष सोपे आहेत.
• पोटरीचा सर्वांत जाड भागातील घेर : पुरुषांत ३४, महिलांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी.
• हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठबस : १२ सेकंद किंवा जास्त वेळ.
यापैकी काही आढळल्यास डॉक्टरांना दाखवा.

उपाय काय?
डाळी, दूध, अंडी यांतून पुरेशी प्रथिने आणि ताकदीचे व्यायाम. किडनीचा आजार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पुढच्या तपासणीला जाताना जुना कागदही सोबत न्यावा. वजन तेच असून कंबर वाढत आणि पोटरी बारीक होत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.