सी. पी. टँकमधला टँक

मुंबईच्या गिरगावातला सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल यांनी अठराव्या शतकात बांधवलेला तलाव. तो केव्हाच बुजवला गेला, नाव मात्र टिकलं. गवालिया टँकचंही तसंच. गवळी जिथे गुरं धुवायला नेत, त्या तळ्याच्या नावाच्या मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’ची हाक दिली गेली. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं आणि अशा तलावांची गरज हळूहळू संपत गेली.

मला खरा आनंद होतो तो या शब्दाच्या मुळाचा. ‘टँक’ आपल्याचकडून इंग्रजीत गेला, असं अनेक इंग्रजी कोश मानतात. गुजराती ‘टांकी’, मराठी ‘टाकं’! शिवनेरीवर गंगा-जमुना म्हणून कातळात खोदलेली जी टाकी आहेत ना, तेच टाकं. पोर्तुगिजांचा ‘तांक’ही त्यात मिसळला. त्याचं मूळ साचलेल्या पाण्याच्या लॅटिन शब्दाशी जोडतात.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या लिंकनच्या कारखान्यात चिलखती गाड्या बनत होत्या. गुपित फुटू नये म्हणून त्या पाण्याच्या टाक्या असल्याचं भासवलं गेलं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी त्या फ्रान्समध्ये रणांगणात उतरल्या, तोवर ‘टँक’ हे नाव कायमचं चिकटलं होतं. म्हणजे रणगाड्याच्या इंग्रजी नावातही आपलं टाकं आहे!

आणि टँक टॉप? पोहण्याच्या तलावालाही टँक म्हणत. तिथला पोशाख टँक सूट, त्यावरून हा बिनबाह्यांचा टॉप.