छावणीच्या दारातील तपासणी

भिलाईच्या पूर्वेस सुमारे तीस किलोमीटरांवर रायपूर आहे. त्यानजीकच्या माना येथे १९६४ पासून पूर्व बंगालमधील निर्वासितांची मोठी छावणी होती. दंडकारण्यात वसण्यास जाणारी कुटुंबे प्रथम तेथे उतरत. १९७१ साली सुमारे एक कोटी लोक सरहद्द ओलांडून भारतात आले. त्यांपैकी काहींनाही मान्यास आणण्यात आले.

अशा छावणीत नवागताची तपासणी का करावयाची? तो अपराधी किंवा अस्पृश्य आहे म्हणून नव्हे. उपासमार, पायपीट व दूषित पाणी यांनी त्याची शक्ती क्षीण झालेली असते, आणि दाट वस्तीत एकाचा रोग अनेकांस जडतो, म्हणून.

परंतु सर्व रोगांस एकच चाळणी पुरत नाही. १९८० साली जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झालेली देवी अंगावरील फोडांवरून ओळखता येई. रोग्याच्या सहवासातील लोकांस लस टोचली की साथ आवरे. क्षयासाठी थुंकी तपासावी लागते, आणि उपचार कित्येक महिने चालतो. म्हणून रोगी पुढील गावी निघाला, तर औषधोपचाराची नोंदही त्याच्यासोबत गेली पाहिजे.

पटकीची गोष्ट निराळी आहे. तिचे जंतू पोटात गेल्यावर काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत केव्हाही लक्षणे दिसतात. पुष्कळांना तर ती दिसतच नाहीत, तरी त्यांच्या मलातून जंतू बाहेर पडत असतात. येथे दारातील तपासणी अपुरी ठरते. शुद्ध पाणी, संडास आणि जुलाब सुरू होताच उपचार, हेच खरे संरक्षण होय.

याची प्रचीती १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे आली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून ते रोग्यांस पाजविले. पटकी झालेले आतडेही ग्लुकोज शोषून घेते, व त्याच्याबरोबर मीठ आणि पाणी रक्तात जाते. हे द्रावण रोग्याचे आप्तही पाजू शकत. तेथील मृत्यूंचे प्रमाण शेकडा सुमारे ३० वरून ३.६ पर्यंत उतरले.

तपासणीने रोगी सापडतो. त्याला वाचविते ती मात्र तिच्यामागे सिद्ध असलेली शुश्रूषा.