नेत्ररुग्णांची वाढती गर्दी आणि बाह्यरुग्ण विभागाचे नियोजन

शालाक्यतंत्राचे काम करणाऱ्या आपल्या बहुतेक व्यवसायबंधूंच्या दवाखान्यापुढील रांग दिवसेंदिवस लांबत चालली आहे. आयुर्मान वाढल्याने मोतीबिंदूचे रुग्ण वाढले. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नास वर्षांवरील व्यक्तींच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण, म्हणजे ६६.२ टक्के, मोतीबिंदू हेच आढळले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी आहे आणि यांतील प्रत्येकाच्या दृष्टिपटलाची नियमित तपासणी आवश्यक आहे. संगणक व भ्रमणध्वनीच्या पडद्यासमोर दिवसाचे अनेक तास घालविणारे शुष्काक्षिपाकाचे रुग्ण याखेरीज वेगळेच.

रुग्णांचा आयुर्वेदावरील विश्वास वाढत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु गर्दीबरोबर एक धोकाही येतो. सकाळी नऊ ते एक या चार तासांत साठ रुग्ण पाहावयाचे म्हटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटे येतात. या साठांपैकी पन्नासएक जणांना चार दिवस उशीर झाल्याने काही बिघडत नाही. उरलेल्यांपैकी एखाद्याची मात्र दृष्टी चार तासांच्या उशिराने कायमची जाऊ शकते. तो रुग्ण रांगेत त्रेपन्नावा असेल, तर आपले सारे ज्ञान त्याच्या उपयोगी पडत नाही. म्हणून रुग्णाचा क्रम त्याच्या येण्याच्या वेळेवरून न ठरविता, त्याच्या व्याधीने आपल्याला किती अवधी दिला आहे यावरून ठरवावा, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

शास्त्राने दिलेली कालमर्यादा

हा विचार आपल्याला परका नाही. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांचे वर्णन करताना अधिमंथाविषयी स्पष्ट कालमर्यादा सांगितली आहे. मिथ्याचार घडल्यास कफज अधिमंथ सात रात्रींत, वातज सहा रात्रींत, रक्तज पाच रात्रींत आणि पित्तज अधिमंथ तत्काळ दृष्टीचा नाश करतो. अभिष्यंदाची उपेक्षा झाली असता त्यातूनच अधिमंथ उत्पन्न होतो, हेही त्यांनी नोंदविले आहे. म्हणजे ‘नुसते डोळे आले आहेत’ म्हणून मागे बसविलेला रुग्ण उद्या अधिमंथाचा रुग्ण असू शकतो.

डोळा उपटून काढल्यासारखी, घुसळल्यासारखी वेदना आणि अर्ध्या डोक्यात पसरणारा शूल या लक्षणांमुळे अनेक अभ्यासक अधिमंथाची तुलना तीव्र काचबिंदूशी करतात. अशा रुग्णास पुष्कळदा उलट्या होतात. दिव्याभोवती रंगीत वलये दिसत असल्याचे तो सांगतो, पण विचारले तरच. घाईच्या वेळी हाच रुग्ण अर्धावभेदक किंवा अम्लपित्त म्हणून औषध घेऊन घरी जातो. तेथे डोळ्याचा अंतर्दाब वाढलेला राहतो आणि दृष्टिनाडीची झालेली हानी पुढे कोणत्याही उपचाराने भरून येत नाही.

नोंदणीच्या वेळीच निवड

सर्व तपासणी वैद्याने स्वतः करावी, ही अपेक्षा गर्दीत टिकत नाही. मदुराई येथे १९७६ साली डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी अकरा खाटांचे नेत्ररुग्णालय सुरू केले. त्यातून उभ्या राहिलेल्या अरविंद नेत्रसंस्थेने ग्रामीण भागातील मुलींना प्रशिक्षण देऊन दृष्टिमापन, अंतर्दाबमापन यांसारखी ठरावीक कामे त्यांच्याकडे सोपविली आणि निदान व शस्त्रकर्म एवढेच वैद्यकतज्ज्ञांकडे ठेवले. संस्थेचा आवाका आपल्या दवाखान्याहून कितीतरी मोठा असला, तरी कामाच्या विभागणीचे तत्त्व दोन खोल्यांच्या दवाखान्यातही लागू पडते.

केसपेपर काढणाऱ्या साहाय्यकाने प्रत्येक नेत्ररुग्णास पाच प्रश्न विचारावेत. नजर अचानक कमी झाली का? डोळ्यात तीव्र वेदना आहे का? डोळ्यास मार लागला किंवा काही उडाले का? अलीकडे डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे का? डोळ्यांपुढे विजेसारखी चमक, एकाएकी वाढलेले काळे ठिपके किंवा पडदा दिसतो का? यानंतर तक्त्यावर प्रत्येक डोळ्याची दृष्टी स्वतंत्रपणे मोजून ती केसपेपरवर लिहावी. थोड्या सरावाने या कामास फार वेळ लागत नाही. उत्तरांवरून रुग्णांचे तीन गट पडतात आणि प्रत्येक गटास वेगळ्या रंगाचा कागद दिल्यास क्रम ठेवणे सोपे जाते.

लाल गट : वरीलपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असल्यास रुग्ण थेट आत यावा. चुना, आम्ल किंवा अन्य रसायन डोळ्यात गेलेल्या रुग्णाबाबत तर इतिहास विचारण्यापूर्वीच स्वच्छ पाण्याने डोळा धुण्यास प्रारंभ करावा आणि ते किमान पंधरा ते तीस मिनिटे सुरू ठेवावे. उसाचे पाते किंवा भाताचे तूस लागून डोळा लाल झालेला शेतकरी याच गटात येतो, कारण वनस्पतिजन्य इजेनंतर बुबुळावर बुरशीजन्य व्रण होण्याची शक्यता असते.

पिवळा गट : मधुमेही, काचबिंदूचा कौटुंबिक इतिहास असलेले, हळूहळू नजर कमी होणारे आणि तिरळेपणा असलेली बालके यांना त्याच दिवशी अथवा त्या आठवड्यात सविस्तर तपासणीची निश्चित वेळ द्यावी. बालकाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसत असल्यास मात्र दिरंगाई न करता तज्ज्ञाकडे पाठवावे. त्यामागे दृष्टिपटलाचा अर्बुद असू शकतो आणि तेथे दृष्टीबरोबर जीविताचाही प्रश्न असतो.

हिरवा गट : शुष्कता, कंडू, पडद्यामुळे येणारा थकवा, चष्म्याचा क्रमांक आणि फेरतपासणी. हे रुग्ण संख्येने सर्वाधिक असतात. त्यांना आठवड्यात विभागून बोलवावे. गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी नवे रुग्ण अधिक येतात, म्हणून त्या दिवशी फेरतपासण्या ठेवू नयेत.

लाल गटातील ज्या रुग्णास शस्त्रकर्म किंवा विशेष तपासणी लागेल, त्याच्यासाठी जवळच्या नेत्ररुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावलेला असावा. संदर्भपत्रात दोन्ही डोळ्यांची दृष्टी, लक्षणे सुरू झाल्याची वेळ आणि दिलेली औषधे लिहावीत. रुग्ण तेथे पोहोचला का, याची दुसऱ्या दिवशी चौकशी करणे हाही चिकित्सेचाच भाग आहे.

क्रियाकल्पांना स्वतंत्र वेळ

गर्दीत सर्वाधिक ओढाताण होते ती तर्पणादी क्रियाकल्पांची. सुश्रुतांनी तर्पणाचा धारणकाल स्वस्थ नेत्रासाठी ५००, कफात ६००, पित्तात ८०० आणि वातात १००० मात्रा असा दिला आहे. एक मात्रा ढोबळमानाने एक सेकंद धरली, तरी वातज विकारात केवळ धारणासाठी सुमारे सतरा मिनिटे लागतात. माषपिष्टाची पाळी बांधणे आणि पश्चात्कर्म हा वेळ निराळा. सकाळच्या तपासणीच्या धबडग्यात तर्पण केले की धारणकाल तरी कमी होतो किंवा बाहेरची रांग तरी थांबते.

येथेही शास्त्रच मार्ग दाखविते. तर्पण पूर्वाह्णात किंवा अपराह्णात, अन्न जीर्ण झाल्यावर करावे असे सांगितले आहे. त्यामुळे दुपारनंतरचे दोन तास पूर्वनियोजित क्रियाकल्पांसाठी राखून ठेवणे शास्त्रसंमत आहे. अभ्राच्छादित, अतिउष्ण वा अतिशीत दिवशी आणि डोळ्यातील उपद्रव शांत झालेले नसताना तर्पण निषिद्ध आहे. लाल गटातील रुग्णास ‘आलाच आहे तर तर्पण करून घेऊ’ असे म्हणणे म्हणूनच सर्वथा वर्ज्य होय.

साथीचे दिवस

जुलै २०२३ मध्ये आळंदी परिसरात डोळे येण्याची मोठी साथ उद्भवली आणि पुढे राज्याच्या अनेक जिल्ह्यांत रुग्ण आढळले. अशा वेळी रोजची व्यवस्था पुरत नाही. सुश्रुतांनी निदानस्थानात नेत्राभिष्यंदाची गणना औपसर्गिक रोगांत केली असून स्पर्श, सहभोजन, एकच शय्या, वस्त्र यांद्वारे तो संक्रांत होतो असे म्हटले आहे. साथीच्या काळात या रुग्णांची बैठक उघड्या जागेत वेगळी असावी, प्रत्येक रुग्णानंतर हात साबणाने धुवावेत आणि एकाच थेंबाच्या बाटलीतून अनेकांच्या डोळ्यांत औषध घालू नये. सेक व आश्च्योतनाची पात्रेही प्रत्येकाची स्वतंत्र असावीत.

औषधविक्रेत्यांचा वाटा

दवाखान्यात गर्दी झाली की रुग्ण औषधाच्या दुकानाकडे वळतो आणि ‘डोळ्यात घालायला काहीतरी द्या’ असे म्हणतो. या क्षणी दुकानदार हाच त्याचा पहिला तपासनीस असतो. स्टेरॉइडयुक्त थेंबांनी लाली लवकर उतरते, म्हणून रुग्णाकडून त्यांची मागणी होते. परंतु बुबुळावर विषाणूजन्य किंवा बुरशीजन्य व्रण असल्यास याच थेंबांनी तो चिघळतो आणि दीर्घकाळ वापरल्यास अंतर्दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. ही औषधे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि जुन्या चिठ्ठीवर वारंवारही देऊ नयेत.

आयुर्वेदीय नेत्रबिंदूंच्या बाबतीतही डोळ्यासाठीच निर्माण केलेले, निर्जंतुक व मुदतीतील औषधच द्यावे. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून द्यावी. उघडल्यानंतर किती दिवस वापरावयाचे, हे उत्पादकाच्या सूचनेनुसार सांगावे. वर दिलेले पाच प्रश्न दुकानाच्या काउंटरवरही विचारता येतात. एकाचेही उत्तर होकारार्थी आल्यास विक्री न करता रुग्णास त्वरित वैद्याकडे पाठवावे. त्या वेळी एका बाटलीची विक्री बुडेल, पण डोळा वाचेल.

ही व्यवस्था उभारण्यास मोठा खर्च नाही. दृष्टिमापनाचा तक्ता, तीन रंगांचे कागद, पाच प्रश्न शिकलेला एक साहाय्यक आणि एक दूरध्वनी क्रमांक एवढ्यावर प्रारंभ करता येतो. आपल्या शाखांच्या मासिक सभांत व्यवसायबंधूंनी व परिसरातील औषधविक्रेत्यांनी एकत्र बसून आपल्या तालुक्यापुरती प्रश्नावली व संदर्भव्यवस्था निश्चित करावी, असे आम्ही सुचवितो. एक महिनाभर लाल कागदाच्या रुग्णांची नोंद ठेवली आणि प्रत्येकाला दाराशी किती वेळ थांबावे लागले हे लिहिले, तर पुढील सुधारणा कोठे हवी ते ती नोंदवहीच सांगेल.