शाब्दिक गणिते : डोक्याला व्यायाम, खिशाला राखण

14 ऑक्टोबर 1956. या दिवशी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, हे आपल्या घरातली लहान मुलेही सांगतात. तो रविवार होता. आता त्यांना पुढचा प्रश्न विचारून पाहा. 14 ऑक्टोबर 2026 रोजी, म्हणजे बरोबर 70 वर्षांनी, कोणता वार येतो? अट एकच, मोबाईल बघायचा नाही.

रीत सोपी आहे. साधे वर्ष 365 दिवसांचे, म्हणजे 52 आठवडे आणि वर 1 दिवस. त्यामुळे तीच तारीख दरवर्षी एक वार पुढे सरकते. 70 वर्षांत 70 वार. शिवाय प्रत्येक लीप वर्षाचा एक दिवस जास्त. 1960 ते 2024 या काळात 17 लीप वर्षे आली. 70 आणि 17 मिळून 87. याला 7 ने भागले की बाकी उरते 3. रविवारपासून तीन वार पुढे, म्हणजे बुधवार. याच रीतीने आपल्या जन्मतारखेचा वारही काढता येतो.

शाळेत शाब्दिक उदाहरण म्हटले की अनेकांच्या पोटात गोळा येत असे. पण भीती गणिताची नव्हती, मार्कांची होती. घरी परीक्षा नसते. चुकले तर पुन्हा मांडायचे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (1905–1986) आयुष्यभर असेच अंकांशी खेळत राहिले. 6174 ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते.

हा खेळ व्यवहारातही उपयोगी पडतो. समजा, एका ताईंनी 12,000 रुपये कर्ज घेतले. मुदत एक वर्ष, व्याज 12 टक्के ‘फ्लॅट’. दरमहा मुद्दल 1,000 आणि व्याज 120, असा 1,120 रुपयांचा हप्ता. वर्षाचे व्याज 1,440 रुपये. हिशेब बरोबर वाटतो ना?

आता नीट पाहा. पहिला हप्ता भरल्यावर ताईंकडे 11,000 रुपयेच उरले, नंतर 10,000, आणि शेवटच्या महिन्यात फक्त 1,000. तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 12,000 वरच लागले. उरलेल्या मुद्दलावर दरमहा 1 टक्का आकारला असता, तर वर्षभरात 780 रुपयेच झाले असते. म्हणजे 660 रुपये जादा गेले. वर्षभर हातात सरासरी 6,500 रुपये होते. त्यावर 1,440 रुपये व्याज म्हणजे खरा दर सुमारे 22 टक्के!

कागदावर 12 लिहिले आहे, ते खोटे नाही. फक्त ते कशावर 12 टक्के, हे आपण विचारले नाही. म्हणून बचत गटाच्या बैठकीत सही करण्याआधी दोनच प्रश्न विचारा : व्याज पूर्ण रकमेवर की उरलेल्या रकमेवर? आणि वर्षाअखेर एकूण किती रुपये भरायचे?

रोज जेवताना असे एक उदाहरण घरात सोडवावे. दहा मिनिटे पुरतात. मुलांनी आजीला विचारावे, आजीने मुलांना.

आजचे उदाहरण : सीताबर्डीच्या दुकानात कपड्यावर 20 टक्के सूट आणि बिल करताना उरलेल्या रकमेवर आणखी 10 टक्के. मग एकूण सूट 30 टक्के झाली का? 1,000 रुपयांचा शर्ट धरा आणि मांडून पाहा. उत्तर 30 नाही, एवढे सांगून ठेवतो.