नवी फाइल-व्यवस्था आणि जुन्या राखीव प्रती

बंगळूरच्या पूर्व भागातील महादेवपुरा हे नाव आज संगणक-उद्योगाशी जोडले गेले आहे. नोकरीनिमित्त तेथे राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करावी. घरातील संगणकावर नवी फाइल-व्यवस्था बसविण्यात आली. आजोबांच्या आवाजाचे एकमेव ध्वनिमुद्रण मात्र जुन्या डिस्कवरील राखीव प्रतीत, म्हणजे बॅकअपमध्ये, आहे. ते सुखरूप परत आणता येईल काय?

प्रथम फाइल-व्यवस्था म्हणजे काय ते पाहू. ग्रंथालयात पुस्तके वेगळी आणि ती कोठे ठेवली आहेत हे सांगणारी तालिका वेगळी. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९६२ साली बंगळूर येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापिले. त्यांनी आयुष्यभर अभ्यासिलेला वर्गीकरणाचा प्रश्न संगणकातही आहेच. डिस्कवरील मजकूर ही पुस्तके होत. त्याचे नाव, स्थान, आकार व दिनांक यांची नोंद ठेवणारी तालिका म्हणजे फाइल-व्यवस्था.

राखीव प्रती दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात एकेक फाइल उतरवून घेतलेली असते. अशी प्रत नव्या व्यवस्थेत घालता येते. पुस्तके तीच राहतात, नोंदी नव्याने होतात. दुसऱ्या प्रकारात सबंध डिस्कचे तालिकेसह हुबेहूब प्रतिरूप घेतलेले असते. ते नव्या डिस्कवर जसेच्या तसे उतरविल्यास जुनी व्यवस्थाच परत येते आणि तिच्याखाली नव्या फाइली नष्ट होतात. म्हणून असे प्रतिरूप वेगळ्या डिस्कवर उघडावे व त्यातून हव्या तेवढ्याच फाइली काढून घ्याव्यात.

नावांच्या बाबतीत मराठी वाचकाने विशेष सावध असावे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एका चिन्हाने, अथवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. ॲपलच्या १९९८ मधील एचएफएस प्लस व्यवस्थेत फाइलचे नाव ठेवताना त्याची फोड होई. २०१७ साली मॅक संगणकांवर आलेली एपीएफएस व्यवस्था नाव दिले तसे ठेवते, परंतु ताडून पाहताना दोन्ही रूपे एकच मानते. लिनक्सवरील ईएक्सटी४ मात्र सामान्यतः त्यांना भिन्न समजते. त्यामुळे तेथे जुनी प्रत परत आणली असता डोळ्यांना एकसारख्याच दिसणाऱ्या नावांच्या दोन फाइली शेजारी शेजारी उभ्या राहू शकतात. त्यांतील एक ‘जादा’ समजून पुसण्यापूर्वी दोन्ही उघडून पाहाव्यात.

दिनांकांचेही असेच आहे. फॅट व्यवस्थेत फाइल बदलल्याची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदली जाते. एनटीएफएसमध्ये ती कितीतरी सूक्ष्म असते. केवळ वेळ ताडून पाहणाऱ्या साधनाला म्हणूनच न बदललेल्या फाइलीही बदललेल्या वाटतात.

परंतु सर्वांत मोठा धोका गाफीलपणाचा होय. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संस्थेत चुकून मुख्य माहिती-कोश पुसला गेला. राखीव प्रत शोधू जाता आढळले की, माहिती-कोशाची आवृत्ती नवी असूनही प्रत घेणारे साधन जुन्याच आवृत्तीचे वापरले जात होते. ते काम करीत नव्हते, आणि त्याच्या अपयशाची सूचनाही कोणास पोहोचत नव्हती. अन्य एका प्रतीमुळे बरेचसे वाचले. तरी सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली.

यावरून तीन नियम निघतात. बदलापूर्वी नवी प्रत घ्यावी व ती दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. बदलानंतर जुनी प्रत प्रथम रिकाम्या जागी उतरवून, काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. आणि ही परीक्षा पूर्ण होईपर्यंत जुनी डिस्क व ती वाचणारे साधन टाकून देऊ नये. आजोबांचा आवाज पुन्हा कानी पडला, म्हणजेच ती राखीव प्रत खरी ठरली.