रन्वार ते युस्ताश : डिस्कवरचा फ्रेंच सिनेमा

अमेरिकेतल्या क्रायटेरियन कलेक्शनने १९९८मध्ये डीव्हीडी काढायला सुरुवात केली, तेव्हा यादीतला पहिला क्रमांक ज्याँ रन्वारच्या ‘ला ग्रांद इल्युझ्याँ’ला (१९३७) दिला. प्रत्यक्षात ही डीव्हीडी आली १९९९मध्ये, यादीतले पुढचे कितीतरी चित्रपट विक्रीला आल्यावर. उशीर झाला तो मूळ निगेटिव्ह हाती लागल्यामुळे. युद्धकाळात जर्मनांनी ती पॅरिसहून बर्लिनला नेली, तिथून ती मॉस्कोला पोचली. साठच्या दशकात ती तुलूझच्या चित्रपट संग्रहालयात परतली आणि ओळख न पटल्याने वर्षानुवर्षं तिथेच पडून राहिली.

फ्रेंच न येणाऱ्या प्रेक्षकाच्या घरी असा चित्रपट पोचायचा, तर चांगली प्रत, हक्कांचा व्यवहार आणि इंग्रजी सबटायटल या तिन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात.

व्हीएचएसच्या जमान्यात हे काम न्यूयॉर्कमधल्या डॅन टॅलबट यांच्या न्यू यॉर्कर फिल्म्ससारख्या वितरकांनी आणि शिकागोच्या फॅसेट्ससारख्या संस्थांनी केलं. त्या टेपवर सबटायटल चित्रातच छापलेले असत. पांढऱ्या शर्टावर किंवा बर्फावर पांढरी अक्षरं आली की संवाद गेलाच! डीव्हीडीने सबटायटल चित्रापासून वेगळे केले. ते हवे तेव्हा लावता येऊ लागले आणि नवा, अधिक नेमका अनुवाद देणंही सोपं झालं.

तरी फ्रान्समध्ये निघालेल्या डिस्कवर इंग्रजी सबटायटल असतीलच असं नाही. प्रकाशकाकडे बहुधा फ्रान्सपुरतेच हक्क असतात. इंग्रजी बाजार दुसऱ्याला विकलेला असतो. वेष्टनावर सबटायटलचा उल्लेख दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. अनेकदा ते कर्णबधिरांसाठी दिलेले फ्रेंच सबटायटलच असतात. कार्लोत्तासारखे काही प्रकाशक सुखद अपवाद ठरतात. जाक रिव्हेतचा जवळजवळ तेरा तासांचा ‘आउट वन’ (१९७१) अनेक दशकं दंतकथेसारखा ऐकिवातच होता. २०१५-१६मध्ये कार्लोत्ता आणि ब्रिटनच्या ॲरो यांनी तो इंग्रजी सबटायटलसह ब्लू-रेवर आणला. २०२०मध्ये क्रायटेरियनने आन्येस वार्दाचे ३९ लहानमोठे चित्रपट १५ डिस्कच्या एकाच संचात दिले.

हक्कांचा तिढा मात्र भल्याभल्यांना सुटत नाही. ज्याँ युस्ताशचा ‘ला मामाँ ए ला प्युतँ’ १९७३मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. पुढे हक्क त्याच्या मुलाकडे होते आणि चित्रपट दीर्घकाळ अडकून पडला. ले फिल्म द्यू लोझांज या कंपनीने हक्क मिळवून त्याचं पुनरुज्जीवन केलं. २०२२मध्ये तो पुन्हा कानमध्ये दाखवला गेला आणि त्यानंतर क्रायटेरियनची डिस्क आली. न्यू यॉर्कर फिल्म्सची कहाणी वेगळी. मालक कंपनीच्या कर्जापोटी तिचा चित्रपटसंग्रह तारण होता. २००९मध्ये कर्ज थकलं आणि कंपनी बंद पडली. ती वर्षभरात नव्याने उभी राहिली.

पुण्या-मुंबईच्या रसिकापुढे आणखी एक अडसर येतो, तो रीजन कोडचा. कोड असलेली डिस्क त्याच विभागाच्या प्लेअरवर चालते. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात, अमेरिका पहिल्या, तर फ्रान्स-ब्रिटन दुसऱ्या विभागात मोडतात. ब्लू-रेच्या वाटणीत अमेरिका ‘ए’, युरोप ‘बी’ आणि भारत ‘सी’. म्हणून सर्व विभाग चालवणारा प्लेअर आधी घ्यावा, डिस्क मग. युरोपीय डीव्हीडीत आणखी एक मेख असते. सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट पॅल या टीव्ही पद्धतीत २५च्या वेगाने पळतो. शंभर मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. ब्लू-रेवर चित्रपट सहसा मूळ वेगातच मिळतो. फोर-के डिस्कला रीजन कोड नसतो, पण सोबतच्या ब्लू-रेला तो असू शकतो.

नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०२३मध्ये टपालाने डिस्क पाठवणं थांबवलं. स्ट्रीमिंगवर चित्रपट सहज मिळतात, पण हक्कांची मुदत संपली की यादीतून नाहीसेही होतात. डिस्कच्या आवृत्त्याही संपतात आणि पुन्हा निघतीलच याची हमी नसते. तेव्हा ज्या चित्रपटावर जीव आहे, त्याची डिस्क मिळते आहे तोवर सबटायटलची भाषा आणि रीजन नीट पाहून ती घेऊन ठेवावी, आणि चार मित्रांना बोलावून दाखवावी.